ताज, फुटपाथवरून : एका ध्वनिफेरीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

विषय ठरला. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर मराठी ध्वनिफेरी, साधारण चाळीस मिनिटांची, फुकट. मोबाइलवर ऐकायची. गेटवेच्या कठड्यापाशी सुरू करायची आणि हॉटेलला वळसा घालून मागच्या मेरीवेदर रोडवर संपवायची.

ऐकणारा कोण, यावर आज बराच खल झाला. माझ्या डोळ्यांपुढे मांडव्याच्या लाँचची वाट बघणारा माणूस आहे. तिकीट काढून झालंय, लाँच सुटायला पाऊण तास आहे, गेटवेसमोर फोटोही झालेत. हॉटेल समोरच आहे, पण आत जायचा त्याचा विचार नाही. म्हणून पहिला नियम असा केला की जे सांगायचं ते सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून दिसलं पाहिजे. आतली झुंबरं कुठून आली आणि गालिचे किती जाड, हे ऐकवून फुटपाथवरच्या माणसाला खिजवायचं नाही.

संपादन बघणाऱ्या ताईंनी लगेच पकडलं, "मग चित्रांचं काय करणार आहेस? ताजबद्दल बोलायचं आणि चित्रं सोडायची?" बघू.

१८ जानेवारी, शनिवार

दंतकथा गोळा केल्या. फोटोवाले, टॅक्सीवाले, आमच्या घरची मंडळी, ज्याला त्याला विचारलं. दोन गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. एक, जमशेटजी टाटांना फक्त गोऱ्यांसाठीच्या वॉटसन हॉटेलच्या दारातून परत पाठवलं आणि त्या अपमानापोटी त्यांनी ताज बांधलं. दोन, हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं. विलायतेहून आलेल्या आर्किटेक्टनं ते पाहिलं आणि वरून उडी टाकली.

दुसरी थेट कचऱ्यात. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, दोघेही इथलेच. काम चालू असताना वैद्य वारले, तेव्हा डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टनं ते पुरं केलं. उडीबिडी कुणी मारली नाही.

पहिलीला पुरावा कुणी दाखवलेला नाही, पण ती लोकांच्या इतकी जिव्हाळ्याची आहे की नुसती गाळली तर "हे सांगायला विसरले वाटतं" असंच म्हणतील. ती सांगायची आणि तिच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवायची. १८९६ मध्ये मुंबईच्या गोदीजवळच्या मांडवी भागात प्लेग निघाला. माणसं शहर सोडून पळाली, गोदीतला माल अडकला, मुंबईचं नाव घेतलं की बाहेरचे लोक दचकू लागले. त्या पडत्या काळात, १८९८ मध्ये, जमशेटजींनी पालव्याच्या, म्हणजे अपोलो बंदराच्या, भराव टाकलेल्या जमिनीवर हॉटेलाचं काम काढलं. टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लव्हॅट फ्रेझर त्यांचे स्नेही होते. ते सांगतात की जमशेटजींना हॉटेलमालक म्हणून मिरवायची हौस नव्हती. बाहेरच्या माणसांनी हिंदुस्थानात यावं एवढंच त्यांना हवं होतं.

मला ही गोष्ट अपमानापेक्षा मोठी वाटते. रागाच्या भरात माणूस एखादी खोली बांधेल. साथीनं अर्धं शहर रिकामं केलेलं असताना पाहुण्यांसाठी एवढा वाडा बांधायला वेगळंच काळीज लागतं. रेकॉर्डिंगवाला पोरगा म्हणतो, "दादा, अपमानवाली जास्त चालेल." चालू दे.

वॉटसनची इमारत काळा घोडा भागात अजून उभी आहे. लोखंडी सांगाडा इंग्लंडमधून सुटा आणून इथं जोडलेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी पहिल्यांदा तिथं पाहिली. पण ती आपल्या वाटेवर नाही. एका वाक्यात उल्लेख, बस्स.

२६ जानेवारी, रविवार

गटातले निवृत्त आर्किटेक्ट, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांच्याबरोबर दुपारभर इमारत बघितली. झेंड्याच्या दिवशी गेटवेवर ही गर्दी. आम्ही शिवाजी महाराजांच्या पुतळ्याकडच्या फुटपाथवर टेकलो.

काकांनी आधी दगड दाखवला. करडा-निळसर बेसाल्ट, आपल्याच डोंगरातला काळा पाषाण, आणि त्यावर सज्ज्यांचे, कठड्यांचे पांढरे पट्टे. "घुमट नंतर बघ. आधी खिडक्या बघ," म्हणाले. भिंतीतून पुढे आलेल्या खिडक्या, खाली तोलून धरणाऱ्या घोड्या, जाळीची कामं. गुजरात-राजस्थानातल्या हवेल्यांचे झरोके ज्याने डोळे भरून पाहिलेत त्याच्या हातची ही रेघ आहे, असं त्यांचं मत. कोपऱ्यांवरचे छोटे घुमट एका परंपरेतले, मधला मोठा लाल घुमट दुसऱ्याच.

मग मागे गेलो. "उलटं बांधलं" या गोष्टीचं उत्तर मागच्या बाजूलाच आहे. इमारत इंग्रजी यू अक्षरासारखी आहे आणि त्या यूचं तोंड बंदराकडे नाही, शहराकडे, पश्चिमेला आहे. आज पोहण्याचा तलाव आहे तिथून पूर्वी घोडागाड्या आत यायच्या. म्हणजे आज आपण ज्याला मागची बाजू म्हणतो तेच मूळ दार. पाहुणा बोटीतून उतरून थेट हॉटेलात शिरायचा नाही, शहरातून गाडीनं यायचा.

आणि वारा. मुंबईत दुपारनंतर वारा वाहतो तो अरबी समुद्रावरून, पश्चिमेकडून. पूर्वेचं बंदर त्या वेळी तापलेलं असतं. दोन पंख पसरून पश्चिमेकडे तोंड केलेली इमारत तो वारा चौकात घेते आणि खोल्यांत सोडते. काकांनी मेरीवेदर रोडच्या तोंडाशी खिशातून रुमाल काढून हातभर लांब धरला. रुमाल हलेना. समोरून येणाऱ्या बाईंनी आमच्याकडे काळजीने बघितलं. "१९०३ साली ह्या एवढ्या बिल्डिंगा होत्या का मधे?" काका म्हणाले आणि रुमालाने कपाळ पुसलं.

हा शेवटचा थांबा. आत काही दिसत नाही, पण एवढं कळल्यावर दिसण्याची गरजही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

घुमटाची संहिता. पहिल्या खर्ड्यात मी "मराठी माणसाने उभारलेला घुमट" असं दणदणीत वाक्य लिहिलं होतं. काकांनी तांबड्या शाईने खोडलं आणि समासात चार नावं लिहिली: वैद्य, मिर्झा, चेंबर्स, सोराबजी रतनजी. सोराबजी हे कंत्राटदार. घुमटाखालचा अधांतरी वाटणारा जिना त्यांच्या अकलेचा. "चौघांची नावं घे, नाहीतर एकाचंही नको."

पटलं. पण वैद्यांना एक मिनिट जास्त दिलंय, कारण त्यांच्यापाशी ऐकणाऱ्याला हाताशी धरता येतं. बोरीबंदरच्या स्टेशनच्या कामात आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचे जे साहाय्यक होते त्यांत सीताराम खंडेराव हे नाव आहे. आपला श्रोता बहुतेक सकाळी सीएसएमटीलाच उतरलेला असणार. तर त्याला म्हणायचं: ज्या स्टेशनात उतरलात त्याच्या कामावर राबलेला माणूस पुढे इथं आला. मग घुमटाकडे बघायला सांगायचं आणि वीस सेकंद गप्प बसायचं. पोरगा म्हणतो वीस सेकंद फार होतात, लोकांना वाटेल फाइल अडकली. बारा ठेवले.

याच थांब्यावर आणखी एक, झटपट: हॉटेल आधीचं, गेटवे नंतरचा. ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. मधली एकवीस वर्षं बंदरात शिरणाऱ्या बोटीवरून नजरेत भरायचा तो हाच घुमट. जमशेटजींना मात्र ते फार बघता आलं नाही, मे १९०४ मध्ये ते जर्मनीत वारले. पहिल्या महायुद्धात इथं सहाशे खाटांचं लष्करी इस्पितळ होतं. ह्या सगळ्याला दीड मिनिट.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज मजा आली. संगीताचा थांबा.

१९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय बँडमास्तर आपला ताफा घेऊन ताजच्या बॉलरूममध्ये वाजवायला आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, मग पियानोवादक टेडी वेदरफर्ड. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हतं ती माणसं इथं वाजवत होती, आणि खाली नाचत होते साहेब, पारशी शेठ आणि संस्थानिक. त्यांच्याकडून जॅझ उचललं ते गोव्याच्या पोरांनी. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, व्हायोलिन-ट्रम्पेट हातात खेळवणारी पोरं. मिकी कोरियांचा बँड ताजमध्ये १९३९ पासून पुढे दोन दशकं वाजत होता. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ इथं 'चिक चॉकलेट' झाले. ट्रम्पेट वाजवायची ढब थेट लुई आर्मस्ट्राँगची.

यानंतरचा भाग मराठी श्रोत्याच्या घरचा आहे. रात्री हॉटेलात वाजवणारी ही मंडळी दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जायची. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांचा धंदा बसला, तेव्हा तर स्टुडिओ हाच आधार. आणि तिथं पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, अशाच हातांची वाट बघत होते. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके'ला भगवानदादा आणि गीता बाली नाचतात, आणि त्याच सिनेमात चिक चॉकलेटचा बँड पडद्यावरही दिसतो. गणपतीत भगवानदादांची ती पावलं टाकणाऱ्या आमच्या पिढीला आपण ताजच्या बॉलरूमचं देणं लागतो याचा पत्ता नव्हता.

ताईंनी विचारलं, "गाण्याचा तुकडा लावू या ना?" नाही लावता येत. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं कधीच उलटली, पण चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. सी. रामचंद्र १९८२ साली गेले, म्हणजे निदान २०४२ अखेरपर्यंत थांबा. त्याऐवजी माहिमचा एक ट्रम्पेटवाला आपल्या मनाचं चाळीस सेकंद वाजवून देणार आहे. पैसे घेणार नाही म्हणतो, आम्ही देणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चित्रांचा प्रश्न आता टाळता येत नाही.

ताजचा चित्रसंग्रह मोठा आहे. हुसेन, रझा, गायतोंडे, रामकुमार, सबावाला अशी नावं. त्यातला बराच भाग हॉटेलची अंतर्गत सजावट बघणाऱ्या एलिझाबेथ केरकर यांच्या काळात जमला. ही चित्रकार मंडळी तेव्हा आजच्यासारखी कोटींत विकली जात नव्हती. हॉटेलातच ताज आर्ट गॅलरी होती, जहांगीर आर्ट गॅलरीच्या बरोबरीने तिथंही प्रदर्शनं भरायची.

पण यातलं काहीच फुटपाथवरून दिसत नाही. ताई म्हणाल्या, नियम मोडा. काका म्हणाले, गाळा. मी गायतोंड्यांच्या वाटेने जायचं ठरवलं, कारण त्यांच्या गोष्टीला चित्र दिसायची गरज पडत नाही.

वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४, नागपूरचा. घराणं गोव्याकडचं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ ला पदविका. बोलायला कमी, खपायची घाई नाही, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करणारा माणूस. पुढे दिल्लीला बिऱ्हाड हलवलं आणि २००१ मध्ये तिथंच गेले, तेही फारशी दखल कुणी न घेता. १९ डिसेंबर २०१३ ला क्रिस्टीज या लिलाव कंपनीनं भारतातला आपला पहिला लिलाव केला तो याच हॉटेलात, आणि गायतोंड्यांचं १९७९ चं एक बिननावाचं चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. तोवर कुठल्याच आधुनिक भारतीय चित्राला लिलावात एवढी बोली लागली नव्हती.

एवढं सांगून श्रोत्याला रीगल सिनेमाच्या दिशेने हात करायचा: नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट पाच मिनिटांवर आहे, तिकीट काढा आणि चित्रं बघा. ताज बघायला आलेला माणूस सार्वजनिक संग्रहालयात जाऊन पोचला तर मला बरंच वाटेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

काकांना वरचं पटलं नाही. "हे चित्रांबद्दल नाहीच, पैशाबद्दल आहे." आकडा ठेवलाय, पण शेवटून काढून मधे घातला.

२३ फेब्रुवारी, रविवार

२००८. ही नोंद लांबवत नाही आणि थांबाही लांबवणार नाही.

२६ नोव्हेंबरच्या रात्रीपासून २९ च्या सकाळपर्यंत. ताजमध्ये ३१ जणांचा जीव गेला. हॉटेलचा शेजारचा नवा टॉवर २१ डिसेंबर २००८ ला पुन्हा उघडला, जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला. घुमटाखालून ज्वाळा निघत असलेलं दृश्य आपल्यातल्या प्रत्येकाने टीव्हीवर पाहिलंय, ते पुन्हा शब्दांनी रंगवायचं कारण नाही. जळालेल्या, भिजलेल्या चित्रांवर पुढे कित्येक महिने दुरुस्तीचं काम चाललं, एवढं एक वाक्य.

पोरग्याने सायरनचा आवाज जोडून आणला होता. काढायला लावला. थोडा रुसला. गेटवेवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानात सायरन वाजवायचा नसतो, हे त्याला वेगळं समजवावं लागलं नाही म्हणा. रात्री त्यानेच फोन करून सांगितलं की काढलाय.

१ मार्च, शनिवार

साहित्याचा थांबा. मला वाटलं होतं हा सगळ्यात भरघोस होईल. झाला सगळ्यात तिरकस.

इंग्रज लेखक आल्डस हक्सले १९२५-२६ च्या हिवाळ्यात मुंबईला आला आणि त्याला आपली एकूण वास्तुकला भयंकर वाटली. ताजबद्दल त्याचं म्हणणं असं की लंडनचं साउथ केन्सिंग्टनचं निसर्गविज्ञान संग्रहालय आणि आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातला हिंदुस्थानी मंडप यांची ही भेसळ आहे. काकांना हे ऐकवलं तर ते हसून म्हणाले, "निदान नीट बघितलं तरी त्यानं." लुई ब्रॉमफिल्ड या अमेरिकन कादंबरीकाराने १९४० मध्ये 'नाइट इन बॉम्बे' लिहिली, तिचं बरंचसं कथानक ताजभोवतीच फिरतं. सरोजिनी नायडू तर मुक्कामालाच इथं असायच्या; काँग्रेसचे पुढारी, कवी, विद्यार्थी, सगळ्यांचा राबता त्यांच्या खोल्यांवर. कवयित्रीनं पंचतारांकित हॉटेलातून स्वातंत्र्याची चळवळ चालवावी यात तेव्हा कुणाला विसंगती वाटली नसावी. मला थोडी वाटते, पण गोड.

मराठी लेखक? त्यांचं टेबल इथं नव्हतं. कवी अरुण कोलटकर दहा मिनिटांच्या अंतरावर, काळ्या घोड्याच्या वेसाइड इन या उपाहारगृहात बसायचे आणि तिथून रस्ता बघायचे. हे थांब्यात ठेवलंय, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही. ताजच्या खिडकीतून बंदर दिसतं; काळ्या घोड्याच्या खिडकीतून कचरा वेचणारी बाई दिसली. आपल्याला त्या दुसऱ्या खिडकीने जास्त दिलं.

याच थांब्यावर वर बघायला सांगायचं: पहिल्या मजल्यावर सी लाउंजच्या खिडक्या. पारशी-गुजराती घरांतली कितीतरी लग्नं तिथल्या चहावर जुळली. आपल्याकडे कांदेपोहे, त्यांच्याकडे हे.

८ मार्च, शनिवार

मुखपृष्ठाच्या चित्राची भानगड. आमच्या चित्रकार मैत्रिणीने घुमटाचं सुरेख रेखाचित्र केलं. तेवढ्यात काकांच्या मुलीनं, ती वकील आहे, आठवण करून दिली की २०१७ मध्ये या इमारतीच्या बाह्यरूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झालीय. भारतात असं संरक्षण मिळालेली ही पहिली इमारत. आमची फेरी फुकट आहे, पण पुढे छापील नकाशा विकायचा विचार आहे, तेव्हा धंद्यासाठी हे रूप वापरायचं तर परवानगी लागणार.

तिच्या सल्ल्याने मुखपृष्ठावर आता घुमट नाही. गेटवेच्या पायऱ्या, लाँच आणि एका माणसाची पाठ. मैत्रीण म्हणते हेच चित्र सरस आहे. मलाही आवडलं, मात्र फुकट गेलेल्या रेखाचित्राचे पैसे तिला आधी देऊन टाकले.

१६ मार्च, रविवार

चाचणी फेरी. ठाण्याहून ताईंच्या मावशी, त्यांची नात आणि सोसायटीतल्या दोघी आल्या. सकाळी साडेनऊची वेळ.

पहिल्या थांब्यावर आवाजाची वाट. लाँचचे भोंगे, "अर्जंट फोटो, अर्जंट फोटो", खांद्याला प्रिंटर लटकवलेले फोटोवाले दर अर्ध्या मिनिटाला आडवे. थांबा पुतळ्याकडच्या बाजूला सरकवला. दगडाबद्दलचा भाग ऐकून मावशी भिंतीजवळ जाऊ लागल्या, सुरक्षारक्षकाने नम्रपणे थांबवलं. तिथं "लांबूनच बघा" हे शब्द आधीच घालायला हवेत. चिक चॉकलेटला सगळ्या खूश. नातीने तिथंच फोनवर 'शोला जो भडके' लावलं, म्हणजे आमचा हक्कांचा प्रश्न श्रोत्यांनी परस्पर सोडवला. संहितेत आता तसं सुचवणारच आहोत.

साहित्याच्या थांब्यावर दोघी जणी गप्पा मारायला लागल्या. तो सव्वा मिनिटाने कापला, ब्रॉमफिल्ड गेला.

मागच्या रस्त्यावर, वाऱ्याच्या गोष्टीपाशी, मावशींनी विचारलं, "मग हे मूळ दार बंद का केलं?" उत्तर घालतोय: पूर्वी शेजारी ग्रीन्स हॉटेल होतं, त्या जागी १९७३ मध्ये टॉवर आला, आजचा राबता बंदराच्या बाजूने आहे, आणि जुन्या गाडीवाटेच्या जागी तलाव आहे.

२२ मार्च, शनिवार

अंतिम लांबी ३८ मिनिटं. ट्रम्पेटचं रेकॉर्डिंग झालं, पैसे पोचले. वैद्यांच्या थांब्यावरची शांतता नऊ सेकंदांवर आली आहे, याखाली मी जाणार नाही.

फलक लाँचच्या तिकीट खिडकीजवळ लावायची परवानगी मागितली आहे, उत्तर यायचंय. तोवर क्यूआर कोडची पत्रकं आम्हीच वाटणार. पुढच्या शनिवारी सकाळच्या लाँचला मी आणि पोरगा, दुपारच्या लाँचला ताई. काकांना उन्हात उभं करायचं नाही. ते मेरीवेदर रोडच्या तोंडाशी सावलीत खुर्ची टाकून बसतो म्हणतात, शेवटच्या थांब्यावर कोण पोचतं ते मोजायला.